घानाचे स्वातंत्र्य आणि त्याचे कामगार



ह्या व्यासपीठावरून प्राध्यापक बोलतात, न्यायमूर्ती बोलतात, संपादक बोलतात. आमच्यासारख्या कामगार युनियनच्या माणसाला बोलावण्यात चालकांनी थोडे धाडसच केले आहे. आमचे शाळेतले शिक्षण लवकर आटोपले. पुढे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटापुढे बसून. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण करू नये. मात्र 'साम्राज्यांचा अस्त आणि नव्या राष्ट्रांचा उदय' हा विषय आम्हाला परका वाटला नाही. झेंडा कोणाचाही असो, त्याच्याखाली माल कोणीतरी जहाजावर चढवावाच लागतो, आणि तो चढवणाऱ्या माणसाशी आमची जुनी ओळख आहे.

साम्राज्ये का कोसळतात? पुस्तकांत ह्याची साधारण दोन उत्तरे सापडतात. पहिले असे की, दुसऱ्या महायुद्धाने इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड हे सावकारच कर्जबाजारी झाले. ह्यात तथ्य आहे. युद्ध जिंकलेल्या इंग्लंडला १९४६ साली अमेरिकेकडून पावणेचार अब्ज डॉलरचे कर्ज काढावे लागले. दुसरे उत्तर थोर पुढाऱ्यांचे. तेही खोटे नाही. पण ह्या दोन्ही उत्तरांतून एक माणूस गळून पडतो. कूळ मुकाट्याने खंड देत असेल, तर कर्जात बुडालेला सावकारही वसुली सोडत नाही. आणि पुढाऱ्याच्या हाकेला ओ देणारे कोणी नसेल, तर त्याचे थोरपण सभागृहाच्या चार भिंतींत राहते. वसाहत चालते ती खाणीतल्या, रुळांवरच्या आणि गोदीतल्या हातांनी. ते हात थांबले म्हणजे साहेबाला आपले राज्य पोकळ असल्याचे प्रथम कळते.

इथवर पुष्कळ लोक आमच्याशी सहमत होतील. पण ह्याच्या पुढचा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. नवे राष्ट्र उभे राहिल्यावर त्या हातांचे काय होते? आज आम्ही तोच विचारणार आहोत. साऱ्या जगाचा फेरफटका मारण्यापेक्षा एकच देश घेऊ. तो देश म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील घाना.

घानाचे साम्राज्यकाळातले नाव गोल्ड कोस्ट, म्हणजे सोन्याचा किनारा. नावातच मालकाची नजर आहे. इंग्रजांनी तिथे पहिला लोहमार्ग टाकला तो सेकंडी ह्या किनाऱ्यावरच्या गावापासून टार्क्वाच्या सोन्याच्या खाणींपर्यंत. तो १९०१ साली टार्क्वाला पोहोचला आणि १९०३ साली कुमासीला. माणसांनी एकमेकांकडे जावे म्हणून तो मार्ग नव्हता. माल समुद्रापर्यंत यावा म्हणून होता. पुढे सेकंडीच्या शेजारी टाकोराडीला खोल पाण्याचे बंदर बांधले, ते १९२८ साली सुरू झाले. सोने, मँगनीज, लाकूड आणि कोको हा सगळा माल तिथून बाहेर जाऊ लागला. कोको मात्र इंग्रजांच्या मळ्यांत पिकत नव्हता. तो आफ्रिकी शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत लावला आणि १९११ च्या सुमारास कोकोच्या निर्यातीत हा लहानसा देश जगात पहिला ठरला. पिकवणारा आफ्रिकी, वाहणारा आफ्रिकी. भाव ठरवणारी कंपनी मात्र विलायतेची. १९३७ साली मोठ्या युरोपियन कंपन्यांनी आपसात करार करून कोकोचा भाव बांधला, तेव्हा शेतकऱ्यांनी माल विकायचेच थांबवले. कित्येक महिने कोको गोदामांत पडून राहिला. शेवटी लंडनहून चौकशी मंडळ पाठवावे लागले. माल रोखण्याची विद्या ह्या देशाला पुढाऱ्यांच्या आधी शेतकऱ्यांनी शिकवली, हे आपण लक्षात ठेवावे.

मग महायुद्ध आले. गोल्ड कोस्टचे हजारो जवान इंग्रजांच्या सैन्यात गेले. त्यांतले कित्येक भारतमार्गे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले आणि जपान्यांशी लढले. गोरा माणूसही भितो, हरतो आणि मरतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. परत घरी आले तर नोकरी नाही, पेन्शन तुटपुंजे, आणि कापडाचे भाव गगनाला भिडलेले. १९४८ च्या जानेवारीत अक्रा शहरातील एका स्थानिक सरदाराने परदेशी दुकानांवर बहिष्कार पुकारला. तो उठला २८ फेब्रुवारीला. त्याच दिवशी माजी सैनिक आपले गाऱ्हाणे घेऊन गव्हर्नरच्या ख्रिश्चनबोर्ग किल्ल्याकडे निघाले. हा किल्ला सतराव्या शतकात डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी बांधलेला. गुलामांचा व्यापार त्यातून चाले. पुढे इंग्रजांनी तो विकत घेतला. किल्ल्याच्या वाटेवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तीन सैनिक ठार झाले: सार्जंट अजेटी, कॉर्पोरल अटिपो आणि शिपाई ओडार्टी लॅम्प्टी. ब्रह्मदेशातून जिवंत परतलेली माणसे आपल्याच गावच्या रस्त्यावर पडली. अक्रा पेटले. त्या दंगलीत एकूण २९ माणसे मेली आणि दोनशेहून अधिक जखमी झाली.

ह्याच सुमारास डॉ. क्वामे एन्क्रुमा हे नाव पुढे आले. ते डिसेंबर १९४७ मध्ये इंग्लंडहून परतले होते. वकील-व्यापाऱ्यांच्या पक्षाने त्यांना चिटणीस म्हणून बोलावले होते. पण त्या पक्षाला स्वराज्य यथावकाश हवे होते, आणि लोकांना ते ताबडतोब हवे होते. एन्क्रुमांनी लोकांची नाडी ओळखली आणि जून १९४९ मध्ये वेगळा पक्ष काढला. त्यांच्या आंदोलनाला त्यांनी नाव दिले 'पॉझिटिव्ह ॲक्शन', म्हणजे बहिष्कार, संप आणि असहकार, तोही अहिंसेने. हा मार्ग गांधीजींचा, हे ते स्वतःच सांगत.

आता सेकंडीकडे वळू. रेल्वेची मोठी कर्मशाळा तिथे असल्यामुळे फिटर, ड्रायव्हर, फायरमन अशांची तिथे वस्ती, आणि शेजारी टाकोराडीला गोदी कामगार. देशातले सर्वांत जागे कामगार ते हेच. त्यांच्या पुढाऱ्यांत पोबी बायनी हा आगगाडीचा ड्रायव्हर होता. १९४९ च्या अखेरीस हवामान खात्यातील नोकरांनी संप केला आणि सरकारने त्यांना कामावरून काढून टाकले. हवामान खाते म्हणजे मूठभर माणसे. पण त्यांना परत घ्यावे ह्या मागणीसाठी ट्रेड युनियन काँग्रेसने १९५० च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सार्वत्रिक संप पुकारला. आठ तारखेला एन्क्रुमांनी आपले आंदोलन जाहीर केले. दोन प्रवाह एकत्र आले. आगगाड्या थांबल्या, गोदी थांबली. ११ जानेवारीला गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केली. एन्क्रुमा तुरुंगात गेले, बायनी गेला, ट्रेड युनियन काँग्रेसचा अध्यक्ष अँथनी वुड गेला. दोन आठवड्यांत संप मोडला. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या.

संप हरला असे कोणी म्हणेल. आम्ही आयुष्यात बरेच हरलेले संप पाहिले आहेत, आणि त्यांतला एखादाच वर्षभराने जिंकतो. हा तसा होता. फेब्रुवारी १९५१ च्या निवडणुकीत एन्क्रुमा तुरुंगातून उभे राहिले आणि अक्रा मध्य मतदारसंघात २३,१२२ पैकी २२,७८० मते त्यांना पडली. ज्या गव्हर्नरच्या राजवटीत ते कोठडीत पडले, त्याच सर चार्ल्स आर्डेन-क्लार्कने त्यांना बाहेर बोलावून सरकार बनवायला सांगितले. ६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्टचा घाना झाला. सहाराच्या दक्षिणेकडील काळ्या आफ्रिकेतली ही पहिली स्वतंत्र झालेली ब्रिटिश वसाहत. पुढच्या तीनच वर्षांत, १९६० ह्या एका सालात, आफ्रिकेत सतरा देश स्वतंत्र झाले. बांध फुटावा तसा प्रकार झाला, आणि बांधाला पहिली भेग पाडणाऱ्यांत सेकंडीचा तो ड्रायव्हर होता.

इथपर्यंतची कथा सगळ्यांना आवडते. स्वातंत्र्यदिनाच्या भाषणांत ती इथेच संपते. आम्हाला पुढे जावे लागेल.

स्वातंत्र्याच्या पुढच्याच वर्षी, १९५८ साली, घानात दोन कायदे झाले. एक प्रतिबंधक स्थानबद्धतेचा: सरकारला धोकादायक वाटेल त्या माणसाला खटल्यावाचून पाच वर्षांपर्यंत अटकेत ठेवता यावे. आपल्याला नवल वाटायला नको. स्थानबद्धतेचा कायदा आपल्याकडे १९५० सालीच झाला होता. दुसरा औद्योगिक संबंधांचा. त्याने सर्व युनियन एका मध्यवर्ती संघटनेखाली आणल्या, संपाची वाट जवळजवळ बंद केली, आणि कामगारांची वर्गणी मालकाने पगारातूनच कापून संघटनेकडे पाठवावी अशी सोय केली. संघटनेला अक्रा शहरात भव्य इमारतही मिळाली.

ह्या वर्गणीच्या सोयीबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण ही गोष्ट विद्वानांच्या नजरेतून निसटते. आम्ही अनेक वर्षे वर्गणी गोळा करीत आलो. पगाराच्या दिवशी पावती पुस्तक घेऊन गेटवर उभे राहावे लागते. कोणी मान खाली घालून निघून जातो. कोणी म्हणतो, "गेल्या महिन्यात माझी रजा कापली, तेव्हा तुम्ही कुठे होता?" कोणी पैसे देतो आणि वर चार शिव्याही देतो. हे काम मनुष्याला नकोसे वाटते. आपोआप वर्गणी जमा व्हावी, असे आम्हालाही कित्येकदा वाटले आहे. पण त्या शिव्या हाच युनियनचा प्राण आहे. पुढाऱ्याला महिन्यातून एकदा तरी सभासदाच्या डोळ्यांत बघावे लागते, ते त्या पावतीमुळे. वर्गणी वरून येऊ लागली की पुढाऱ्याचे तोंडही वरच्या दिशेला वळते. घानाच्या मध्यवर्ती संघटनेचे असेच झाले. सेकंडीच्या रेल्वे कामगारांनी ह्या कायद्याला विरोध केला तो ह्याचसाठी. त्यांची संघटना त्यांनी पै-पै जमवून उभी केली होती, आणि ती भेट म्हणून परत घ्यायची त्यांची इच्छा नव्हती.

१९६१ च्या जुलैत अंदाजपत्रक आले. आयात मालावर नवे कर बसले, आणि सक्तीच्या बचतीची योजना आली: वर्षाला १२० पौंडांहून अधिक मिळवणाऱ्याच्या पगारातून शेकडा पाच सरकारजमा. सल्लागार होते केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर. आपल्याकडेही १९५६ साली करपद्धती सुचवायला आले होते ते हेच. ४ सप्टेंबरला सेकंडी-टाकोराडीत संप सुरू झाला. तेच गाव, तीच कर्मशाळा, तीच गोदी. बाजारातल्या बायकांनी संपकऱ्यांना फुकट जेवू घातले. संप सतरा दिवस चालला. सरकारने त्या शहरापुरती आणीबाणी जाहीर केली. मध्यवर्ती संघटना संपकऱ्यांच्या पाठीशी उभी राहिली नाही. एन्क्रुमा तेव्हा परदेश दौऱ्यावर होते. ते परतले, त्यांनी कामावर जाण्याचा हुकूम केला आणि संप संपला. ऑक्टोबरमध्ये धरपकड झाली. संपाचे पुढारी आणि विरोधी पक्षाची माणसे मिळून पन्नासेक जण त्या १९५८ च्या कायद्याखाली आत गेले. डिसेंबरमध्ये सरकारने पुस्तिका काढून ह्या सगळ्याला कटाचे नाव दिले.

१९५० साली ह्याच गावाने आगगाड्या थांबवल्या तेव्हा ती देशभक्ती ठरली. अकरा वर्षांनी ह्याच गावाने आगगाड्या थांबवल्या तेव्हा तो देशद्रोह ठरला. आपल्यात म्हण आहे, गरज सरो, वैद्य मरो.

पण आम्हाला इथे न्यायाने बोलले पाहिजे. एन्क्रुमा हे लबाड गृहस्थ होते असे म्हणून हात झटकणे सोपे आहे, आणि ते खोटे आहे. त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत केले. टेमाला नवे बंदर बांधले. व्होल्टा नदीवर आकोसोंबोचे धरण बांधले. त्यासाठी सुमारे ऐंशी हजार माणसे आपली गावे सोडून उठली. दक्षिण आफ्रिकेपासून काँगोपर्यंतच्या स्वातंत्र्यसैनिकांना त्यांनी अक्र्यात आसरा दिला. त्यांचा प्रश्न खरा होता. देश गरीब, एकच पीक, त्याचा भाव लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात ठरणार. धरण, शाळा, कारखाने हवेत, तर भांडवल कुठून आणायचे? कोणीतरी पोटाला चिमटा घेतलाच पाहिजे. आम्ही कामगार पुढारी असलो तरी हे नाकारू शकत नाही. सक्तीची बचत ही कल्पना मुळात पापी नव्हती.

मग चुकले कुठे? आमच्या अल्पमतीप्रमाणे दोन ठिकाणी. पहिले म्हणजे, चिमटा कोणाच्या पोटाला, हे चिमटा घेणाऱ्यांना विचारले नाही. एप्रिल १९६१ मध्ये पहाटेच्या रेडिओ भाषणात खुद्द एन्क्रुमांनीच आपल्या पक्षातल्या लोकांच्या गडगंज संपत्तीवर कोरडे ओढले होते. सप्टेंबरअखेरीस त्यांनी काही बड्या सहकाऱ्यांचे राजीनामेही घेतले. म्हणजे संपकरी जे म्हणत होते ते अध्यक्षालाही ठाऊक होते! पुढच्याच वर्षी एका मंत्र्याच्या पत्नीने लंडनहून तीन हजार पौंडांचा सोनेरी पलंग खरेदी केल्याची बातमी जगभर गाजली. ज्याच्या पगारातून शेकडा पाच कापले जातात त्याला हा पलंग कसा दिसला असेल, ते आम्ही सांगायला नको.

दुसरी चूक अधिक खोल आहे. साम्राज्य गेले, पण त्याची वहाण दाराशीच राहिली, आणि नव्या धन्याने ती पायांत घातली. आणीबाणी, विनाचौकशी अटक, संपाला कट म्हणणे, ही सगळी हत्यारे गव्हर्नरच्या काळातली. ज्या ख्रिश्चनबोर्ग किल्ल्याकडे जाताना ते तीन सैनिक पडले, तोच किल्ला स्वतंत्र घानाच्या सरकारचे आसन झाला. किल्ला वापरायला हरकत नाही. दगड कोणाचे गुलाम नसतात. पण किल्ल्यात बसले की बाहेरून येणारा प्रत्येक मोर्चा चाल करून येणारा वाटू लागतो.

शेवट आपणांस ठाऊक असेल. १९६४ साली एकपक्षीय राज्य आले. ज्यांनी एन्क्रुमांना चिटणीस म्हणून बोलावले त्या पक्षातले ज्येष्ठ नेते डॉ. डँक्वा फेब्रुवारी १९६५ मध्ये नसावमच्या तुरुंगात स्थानबद्ध असतानाच वारले. त्याच वर्षी कोकोचे पीक विक्रमी आले, पाच लाख टनांहून अधिक, आणि नेमका त्याच वेळी जगात कोकोचा भाव कोसळला. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी, एन्क्रुमा परदेशात असताना, सैन्याने सत्ता घेतली. एके काळी ह्या माणसाच्या हाकेसरशी आगगाड्या थांबल्या होत्या. त्या दिवशी त्याला वाचवण्यासाठी एकही गाडी थांबली नाही, एकाही गोदीत काम बंद पडले नाही. १९७२ साली बुखारेस्टच्या रुग्णालयात त्यांचा अंत झाला. वसाहतीच्या सरकारशी झुंजताना जे बळ त्यांच्यापाशी होते, ते त्यांनी स्वतःच्याच कायद्याने बांधून टाकले होते. बांधलेले हात मालकाविरुद्ध उठत नाहीत, तसे मालकाला सावरायलाही उठत नाहीत. नंतरच्या सत्ताधाऱ्यांनी तरी धडा घेतला म्हणावे, तर निवडून आलेल्या डॉ. बुसियांच्या सरकारने १९७१ साली ट्रेड युनियन काँग्रेसच बरखास्त केली. चार महिन्यांत तेही सरकार सैन्याने उलथवले.

बंधुभगिनींनो, हे आफ्रिकेतच घडते असे समजून आपण निश्चिंत मनाने घरी जाऊ नये. पळसाला पाने तीनच. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौदलाच्या खलाशांनी बंड केले. २२ तारखेला गिरणी कामगार त्यांच्यासाठी संपावर गेले. त्या दोन-तीन दिवसांत दोनशेहून अधिक माणसे गोळ्यांना बळी पडली. राज्य हातचे गेले हे इंग्रजाला उमगण्यात त्या दिवसांचा मोठा वाटा आहे. पण बंडात बडतर्फ झालेल्या खलाशांना स्वतंत्र भारताच्या नौदलाने परत घेतले नाही. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा संप झाला, वीस दिवस चालला, आणि हजारो कामगारांची धरपकड झाली. पुढच्याच वर्षी आणीबाणी साऱ्या देशावर आली. रेल्वे कामगारांवर जे आधी चालून पाहिले जाते, ते पुढे वकिलावर, संपादकावर आणि प्राध्यापकावरही चालते, एवढे आपण लक्षात ठेवावे.

संप नेहमीच बरोबर असतो असे आम्ही म्हणत नाही. चुकीचे संप आम्ही पाहिले आहेत, एक-दोन केलेही आहेत आणि त्यांची किंमत आमच्या माणसांच्या घरांनी मोजली आहे. नव्या राष्ट्राने कामगाराला शिस्त सांगावी, कष्ट मागावेत, त्यागही मागावा. आमचे म्हणणे एवढेच की, तो मागावा. कापून घेऊ नये. मागणाऱ्याला उत्तर ऐकावे लागते, कधी शिव्याही ऐकाव्या लागतात. साम्राज्याला ते ऐकायचे नव्हते म्हणून ते साम्राज्य होते. राष्ट्राने ते ऐकले नाही, तर दोहोंत फरक झेंड्याच्या कापडापुरताच उरतो.

सेकंडीच्या कामगारांनी १९६१ साली जेव्हा काम थांबवले, तेव्हा त्यांना साम्राज्य परत नको होते. ज्या घरासाठी आपण रुळांवर उभे राहिलो, त्या घरात आपल्यालाही बोलायला जागा आहे की नाही, एवढेच ते विचारीत होते. असे विचारणारा माणूस आपल्या गावात आपल्याला भेटला, तर त्याला देशद्रोही म्हणण्यापूर्वी त्याच्या मागच्या कष्टांची चौकशी करावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.